फोन इंटरनेटवरचा, उत्तरदायित्व कुणाचे?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर जो हल्ला सुरू झाला, त्यातील एक तपशील सर्वसामान्यांच्या फारसा लक्षात राहिलेला नाही. ताजमहाल हॉटेल, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरीमन हाऊस येथे शिरलेले दहशतवादी भ्रमणध्वनीवरून सतत कुणाशी तरी बोलत होते. पलीकडची माणसे पाकिस्तानात बसून दूरचित्रवाणीवर मुंबई पाहत होती आणि आग कुठे लावायची, ओलिसांचे काय करायचे, याचे आदेश देत होती. पण या संभाषणासाठी वापरलेले क्रमांक पाकिस्तानचे नव्हते. ते अमेरिकेचे आणि ऑस्ट्रियाचे होते. आवाज इंटरनेटवरून जात होता, सेवा न्यू जर्सीतील एका कंपनीची होती आणि त्या सेवेच्या पैशांचा एक भरणा इटलीतील ब्रेशिया शहरातून भलत्याच माणसाच्या नावाने झाला होता. त्या प्रकरणी ब्रेशियातील दोन पाकिस्तानी नागरिकांना इटलीच्या पोलिसांनी अटक केली ती २००९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे मुंबईत १६६ माणसे मारली गेल्यानंतर वर्षभराने.

तरीही त्या रात्री मुंबई पोलिसांना हे संभाषण ऐकता आले. त्याचे कारण साधे होते. दहशतवाद्यांच्या हातातील फोन भारतीय भ्रमणध्वनी जाळ्यावर चालत होते. ते जाळे चालवणाऱ्या कंपन्या परवानाधारक होत्या, १८८५ च्या तार अधिनियमाने बांधलेल्या होत्या आणि कायदेशीर आदेश येताच संभाषण ऐकू देणे त्यांच्यावर बंधनकारक होते. पुढे न्यायालयात सादर झालेली ध्वनिमुद्रणे तेथून मिळाली. त्यांतील ‘प्रशासन’ हा शब्द उच्चारणारा माणूस पाकिस्तानी नसावा, असा संशय तपास यंत्रणांना आला आणि बीड जिल्ह्यातील गेवराईच्या झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदालपर्यंत धागा पोहोचला. २०१२ च्या जूनमध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताच्या स्वाधीन केले.

म्हणजे एकाच संभाषणाची दोन टोके होती. एक टोक कायद्याच्या कक्षेत होते, ते ऐकू आले. दुसरे टोक इंटरनेटवर होते, त्याचा माग लागायला महिने गेले. आज अशी वेळ आली तर दोन्ही टोके इंटरनेटवर असतील. इंटरनेटवरून होणाऱ्या दूरध्वनीला पारंपरिक दूरध्वनीचेच नियम लावावेत की नाही, या प्रश्नाचा विचार येथून सुरू करावा लागतो. तो दरपत्रकापासून सुरू केला, की चर्चा भरकटते. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे नेमके हेच झाले आहे.

बंदीचा जुना संसार

जगातील पहिले लोकप्रिय इंटरनेट-दूरध्वनी सॉफ्टवेअर इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने १९९५ च्या फेब्रुवारीत आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. परदेशाशी बोलण्याची मक्तेदारीही याच निगमकडे होती. एका हाताने ज्याने इंटरनेट दिले, त्याच्याच दुसऱ्या हातातील उत्पन्न त्या इंटरनेटमुळे बुडणार होते. साहजिकच इंटरनेटवरून बोलण्याची सोय देणारी काही संकेतस्थळे अडवली गेली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात इंटरनेट टेलिफोनीला तूर्त अनुमती नाही, असे स्पष्ट लिहिले गेले.

त्या काळी अमेरिकेत शिकायला वा नोकरीला गेलेल्या मुलाशी बोलण्यासाठी पुण्या-ठाण्यातील आई-वडील पीसीओच्या काचेच्या खोलीत शिरत, तेव्हा त्यांची नजर घड्याळाकडेही नसे. ती त्या लाल आकड्यांच्या मीटरवर असे. मिनिटाला पन्नास रुपयांच्या घरातील दर, त्यामुळे प्रकृतीची चौकशी संपते न संपते तोच ‘ठेवू का?’ हा प्रश्न येई. त्या दराचा मोठा भाग तंत्रज्ञानाच्या खर्चाचा नव्हता, मक्तेदारीचा होता. तेव्हाच्या बंदीमागे सुरक्षेचे कारण जरूर सांगितले जाई; प्रत्यक्षात राखण चालली होती ती तिजोरीची.

१ एप्रिल २००२ पासून विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि इंटरनेट टेलिफोनीला अनुमती मिळाली, पण तीही कशी? संगणकावरून संगणकावर बोलता येईल, संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर बोलता येईल. देशातील दूरध्वनीवर मात्र नाही. पुण्यातील माणूस संगणकावरून न्यूयॉर्कमधील घरचा फोन वाजवू शकत होता, नाशिकचा नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २००८ मध्ये हा अडसर काढण्याची शिफारस केली, ती शासनाने स्वीकारली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्राधिकरणाने पुन्हा शिफारस केली. त्यानंतर २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून देशातील कोणताही क्रमांक लावू देण्याची मुभा मिळाली आणि बीएसएनएलने ‘विंग्ज’ नावाची सेवा सुरू केली. तोवर गंगेतून पुष्कळ पाणी वाहून गेले होते. कोट्यवधी भारतीय क्रमांक न फिरवता व्हॉट्सअॅपवरच बोलू लागले होते. परवाना मागणाऱ्याला सोळा वर्षे दारात उभे केले गेले आणि ज्याने परवाना मागितलाच नाही, तो घरात येऊन बसला, असा हा प्रकार आहे.

‘समान सेवा, समान नियम’

या घोषणेचा पुरस्कार दूरसंचार कंपन्या अनेक वर्षे करत आल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे, की ध्वनिलहरींसाठी लिलावात प्रचंड रकमा त्या मोजतात, मनोरे उभारतात, समायोजित सकल महसुलाच्या आठ टक्के परवाना शुल्क भरतात, त्यातील पाच टक्के ग्रामीण भागातील सेवेच्या निधीकडे जातात, प्रत्येक ग्राहकाची ओळख पडताळतात आणि तपास यंत्रणांच्या आदेशाचे पालन करतात. परदेशी अॅप कंपनी यांतील काहीही न करता तीच सेवा देते. ही तक्रार ऐकताच मनाला पटते. २०१५ च्या मार्चमध्ये नियामक प्राधिकरणाने या विषयावर जनतेची मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. त्यांतील बहुसंख्य इंटरनेटच्या समानतेच्या बाजूचे होते. त्याच वर्षी दूरसंचार विभागाच्या समितीने मधला मार्ग सुचवला: परदेशी संभाषण मोकळे ठेवावे, देशांतर्गत संभाषणाला मात्र दूरध्वनीसारखे नियम लावावेत. सप्टेंबर २०२० मध्ये प्राधिकरणानेच सांगितले, की सध्या कोणत्याही नियमनाची गरज नाही. जुलै २०२३ मध्ये हाच विषय त्याच प्राधिकरणाने पुन्हा चर्चेला घेतला. प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो याचा अर्थ तो चुकीच्या ठिकाणी विचारला जात आहे.

तक्रारीतील पैशाचा भाग आधी बाजूला काढलेला बरा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने आवाजाचे पैसे घेणेच बंद केले आणि इतरांना त्याच वाटेने जावे लागले. तेव्हापासून कंपन्या डेटा विकतात, बोलणे त्याच्यासोबत येते. व्हॉट्सअॅपवरून तासभर बोलणारा ग्राहक कंपनीचे जाळे फुकट वापरत नाही. त्याने त्या डेटाचे पैसे आधीच मोजलेले असतात. इतकेच नव्हे, तर लोक ही अॅप वापरतात म्हणूनच डेटाची मागणी वाढली. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला केलेल्या फोनवर आकारले जाणारे जोडणी शुल्कही १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. जो आवाज कंपन्या स्वतःच फुकट देतात, तो दुसऱ्याने फुकट दिल्याबद्दल अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. शुल्काचा बोजा फार वाटत असेल, तर तो कमी करावा अशी मागणी शासनाकडे करणे हा सरळ मार्ग आहे. शेजाऱ्याच्याही डोक्यावर तोच बोजा ठेवा, ही मागणी न्यायाची दिसते, हिताची नाही.

त्या बोज्याखाली प्रथम कोण चिरडला जाईल, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील बलाढ्य कंपनी परवाना शुल्क भरेल, वकिलांची फौज उभी करेल आणि पुढे जाईल. तामिळनाडूतील खेड्यातून काम उभारणाऱ्या झोहोसारख्या भारतीय कंपनीचे ‘अरट्टै’ किंवा उद्या कोल्हापुरातील चार तरुण अभियंत्यांनी बनवलेले एखादे अॅप मात्र परवान्याच्या उंबरठ्यावरच अडखळेल. स्वदेशीचा आग्रह धरायचा आणि स्वदेशी उद्योजकाच्या वाटेत परवान्याची भिंत बांधायची, हे एकत्र चालू शकत नाही.

इंटरनेटवरचे बोलणे दूरध्वनीसारखेच मानले की काय होते, ते पाहायला फार दूर जायला नको. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून लिहिता येते, बोलता येत नाही. बोलायचे तर तेथे मान्यता मिळालेली मोजकी अॅप वापरावी लागतात. रत्नागिरी-रायगडकडील कितीतरी घरांतील मिळवता माणूस आखातात असतो. दिवसभर उन्हात राबून खोलीवर परतलेल्या त्या माणसाला मुलाचा चेहरा पाहण्यासाठी जी खटपट करावी लागते, ती कोणत्या सुरक्षेसाठी असते? सौदी अरेबियाने अशी बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये बऱ्याच अंशी उठवली. सुरक्षेची चिंता त्या देशालाही काही कमी नाही.

तारेचा नव्हे, क्रमांकाचा विचार

पारंपरिक दूरध्वनी आणि इंटरनेटवरचा दूरध्वनी हा भेद तांत्रिकदृष्ट्या जवळजवळ उरलेलाच नाही. पूर्वी दोन घरांमध्ये संभाषणापुरती एक सलग वाट राखून ठेवली जाई. आता फोर-जी भ्रमणध्वनीवरून केलेला साधा फोनही इंटरनेटच्याच पद्धतीने, आवाजाचे बारीक तुकडे पाकिटांत भरून पाठवतो. तेव्हा आवाज कसा जातो यावरून नियम ठरवण्यात हशील नाही. तो कुणाच्या नावाने जातो आणि बिघडल्यास जाब कुणाला विचारायचा, यावरून नियम ठरायला हवेत.

अमेरिकेने हा भेद बराच आधी ओळखला. २००५ च्या प्रारंभी ह्यूस्टन शहरात एका घरात दरोडेखोर शिरले आणि त्यांनी आई-वडिलांवर गोळ्या झाडल्या. घरातील मुलीने ९११ हा आपत्कालीन क्रमांक फिरवला. घरी इंटरनेटवरील दूरध्वनी होता. ही सेवा येथून उपलब्ध नाही, अशी ध्वनिमुद्रित सूचना तिला ऐकू आली. त्याच वर्षी मे महिन्यात तेथील संचार आयोगाने आदेश काढला, की ज्या इंटरनेट सेवेवरून सर्वसामान्य दूरध्वनी क्रमांकांवर बोलता येते आणि त्यांच्याकडून फोन घेताही येतो, तिने आपत्कालीन क्रमांक जोडलाच पाहिजे. पुढे कायदेशीर श्रवणाचे आणि ग्रामीण सेवानिधीचे दायित्वही अशाच सेवांवर आले. दोन संगणकांतच घडणाऱ्या खासगी बोलण्याला मात्र त्यांनी मोकळे ठेवले. युरोपीय संघाच्या २०१८ च्या संहितेतही क्रमांकावर आधारलेल्या सेवा आणि क्रमांकाविना चालणाऱ्या सेवा असा भेद आहे. जुळवून पाहिले तर दोन्हीकडचे सूत्र एकच दिसते. जी सेवा राष्ट्रीय क्रमांकाची पत वापरते, तिने त्या पतीची जबाबदारीही उचलावी.

भारतात हे सूत्र अधिकच निकडीचे आहे, कारण येथे क्रमांक हीच माणसाची ओळख झाली आहे. बँक, शिधापत्रिका, आयकर, गॅसची नोंदणी, सारे त्या दहा आकड्यांना जोडलेले आहे. व्हॉट्सअॅपचे खातेही त्याच क्रमांकावर उघडते. मात्र खाते एकदा उघडले, की सिमकार्ड काढून टाकले तरी ते चालू राहते. भारतात भाड्याने घेतलेले सिमकार्ड, त्यावर उघडलेले खाते, आणि ते चालवणारा टोळीबाज कंबोडियात, लाओसमध्ये वा म्यानमारमध्ये. पडद्यावर दिसतो तो भारतीय क्रमांक, गणवेशातील माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या ढोंगाचे हे नेपथ्य आहे. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक अस्तित्वात नाही, हे पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मधून सांगावे लागले. त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांतच या प्रकारात भारतीयांचे १२० कोटी रुपये गेल्याचे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने सांगितले होते.

फसले गेले ते प्रामुख्याने कोण? ज्यांनी आयुष्यभर कर वेळेवर भरला, पोलिसाला घाबरून राहिले, न्यायालयाचा कागद पाहताच उठून उभे राहिले, अशी माणसे. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, मुले परदेशी असलेली जोडपी. सप्टेंबर २०२५ मध्ये अंबाल्यातील एका ज्येष्ठ दांपत्याची एक कोटी पाच लाखांची पुंजी सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुटली गेली. त्या वृद्धेने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. या दांपत्याचा दोष इतकाच, की शासनाच्या शिक्क्यावर त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा राष्ट्राची ठेव असते. ती लुटली गेली तर नुकसान एका खात्यापुरते राहत नाही.

या लुटीला वाट देणाऱ्या खिडक्या दोन आहेत आणि दोन्ही क्रमांकाशी जोडलेल्या आहेत. परदेशातून इंटरनेटवर आलेला फोन भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून देशी जाळ्यात शिरतो, ही पहिली. दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत एक कोटी पस्तीस लाख फोन अडवले गेले. दुसरी खिडकी ‘सिमबॉक्स’ची. भाड्याच्या खोलीत शेकडो सिमकार्डे खोचलेले यंत्र ठेवायचे, परदेशी फोन इंटरनेटवरून आणायचा आणि स्थानिक फोन म्हणून सोडायचा. यात परदेशी फोनचे शुल्क बुडते हे खरे, पण त्याहून वाईट म्हणजे फोन करणाऱ्याचा ठावठिकाणाच पुसला जातो. या दोन्ही ठिकाणी इंटरनेटवरील फोनला दूरध्वनीचे पूर्ण नियम लागलेच पाहिजेत. येथे दयामाया दाखवण्याचे कारण नाही.

मग उरते ते अॅपमधील खासगी संभाषण. त्याला परवाना नको, शुल्क नको, दरनिश्चिती तर नकोच. पण ज्या कंपनीचे पन्नास कोटींहून अधिक वापरकर्ते भारतात आहेत, तिला भारतीय कायद्याच्या हाकेला ओ द्यावीच लागेल. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर भारतात राहणारे अधिकारी नेमण्याची सक्ती केली, ही चांगली सुरुवात होती. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे कायदेशीर आदेश मिळताच कोणते खाते, कोणत्या वेळी, कोणत्या देशातून, कुणाशी जोडले गेले, ही माहिती काही तासांत देणे. परदेशी सर्व्हरवरील माहितीसाठी परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराची वाट धरली तर महिने जातात. तोवर लुटलेला पैसा दहा खात्यांतून फिरून देशाबाहेर गेलेला असतो. आपत्कालीन ११२ क्रमांकाचेही असेच आहे. ज्या अॅपला लोक आपला फोन समजतात, त्यावरून ११२ लागत नाही, हे किती वृद्धांना ठाऊक आहे? निदान हे त्या अॅपने पडद्यावर ठळकपणे मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये सांगावे, इतकी अपेक्षा अवाजवी नाही.

ऐकण्याचा अधिकार आणि त्याचा लगाम

येथे एका टोकाच्या मागणीपासून सावध राहिले पाहिजे. प्रत्येक संभाषण शासनाला ऐकता यावे, त्यासाठी कूटबद्धतेची किल्ली कंपन्यांनी सरकारजमा करावी, असे काही जण सुचवतात. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले, की कूटबद्धता मोडण्याची सक्ती झाली तर भारत सोडावा लागेल. एखाद्या परदेशी कंपनीने न्यायालयात अशी भाषा करावी हे रुचणारे नाही. परंतु मूळ मुद्दा कंपनीच्या उद्धटपणामुळे खोटा ठरत नाही. पोलिसांसाठी कुलपात ठेवलेली फट चोरालाही सापडते आणि शत्रुराष्ट्राच्या हेरालाही. लष्करातील जवान, अणुशास्त्रज्ञ, न्यायाधीश हेही सुटीच्या दिवशी याच अॅपवरून घरी बोलतात. त्यांची भिंत पातळ करून राष्ट्र बळकट होणार नाही.

आणि ऐकण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो नेहमी सज्जनच असेल असे नाही, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९७५ ते १९७७ या काळात ज्यांच्या घरांवर पाळत होती, पत्रे फोडली जात होती, फोनवर निरोप सांगताना ज्यांना गोळवलकर गुरुजींच्या पुस्तकाला ‘मामांचे पाकीट’ म्हणावे लागत होते, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. पुढेही फार फरक पडला नाही. दूरध्वनी श्रवणाच्या प्रकरणावरून रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. राजकीय नेत्यांच्या फोनवर चोरून कान ठेवल्याच्या अहवालानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने गृह सचिवांचा लेखी आदेश, ठरावीक मुदत आणि पुनर्विलोकन समिती, अशी बंधने घातली. मात्र ती समितीही सचिवांचीच राहिली. आदेश देणारा सचिव आणि तो तपासणारेही सचिव, ही रचना डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही तशीच आहे. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरला, तरी या समितीत एकही न्यायाधीश आलेला नाही. इंटरनेटवरील संभाषणापर्यंत शासनाचा हात वाढवायचा असेल, तर आधी येथे न्यायाधीश बसला पाहिजे. आजचे शासन विश्वासाचे आहे म्हणून लगाम नको, असे म्हणणाऱ्यांनी उद्या तोच कायदा कुणाच्या हाती जाईल याचा विचार केलेला नसतो.

नव्या कायद्याने ही सारी गुंतागुंत सोडवायला हवी होती. सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात इंटरनेटवरील संभाषण सेवांचा उल्लेख स्पष्ट होता. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या दूरसंचार अधिनियमातून तो वगळला गेला आणि या सेवा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीच राहतील, असे तत्कालीन दूरसंचारमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले. पण अधिनियमातील ‘संदेश’ या शब्दाच्या व्याख्येत मजकूर, ध्वनी, चित्र, चित्रफीत असे सारेच येते. पुढे २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने संदेश अॅपना आदेश दिले, की नव्वद दिवसांत खाते चालू सिमकार्डाशी सतत बांधलेले ठेवावे आणि संगणकावरील वापर दर सहा तासांनी आपोआप बंद व्हावा. खात्यामागचे सिमकार्ड जिवंत असावे, ही अपेक्षा वर मांडलेल्या विचाराशी सुसंगत आहे आणि कंबोडियातील टोळ्यांना ती नक्कीच जाचक ठरेल. सहा तासांची अट मात्र टोळीबाजांपेक्षा दुकानात संगणकावर ऑर्डर घेणाऱ्या व्यापाऱ्याला अधिक छळणारी आहे.

शंका आदेशाच्या हेतूबद्दल नाही, त्याच्या मार्गाबद्दल आहे. ज्या सेवा कायद्याच्या कक्षेत नाहीत असे मंत्र्यांनी सांगितले, त्याच सेवांना दोन वर्षांच्या आत सायबर सुरक्षा नियमांच्या आधारे दूरसंचार विभागाचा आदेश गेला. संसदेत या विषयावर चार दिवस चर्चा झाली असती, तर व्यापाऱ्याची अडचण तेथेच पुढे आली असती, आखातातून येणाऱ्या फोनचा विचार झाला असता आणि पुनर्विलोकन समितीत न्यायाधीश असावा की नसावा, हेही कुणीतरी उभे राहून विचारले असते.